सगळ्या खणांचा एक नंबर

कुरिअरवाला पार्सल हातात द्यायला तयार होता, ही गोष्ट प्रूफकाकांनी नंतर स्वतःहून कुणालाही सांगितली नाही.

"काका, तुमचंच आहे," थर्माकोलचा पांढरा डबा पुढे करत तो म्हणाला होता. "आत बर्फ आहे. हातातच घ्या ना."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "छे छे, खणात ठेवा. त्यासाठीच तर केलंय हे सगळं."

मग त्याने तळमजल्यावरच्या पोलादी कपाटातला काकांच्या घराचा खण ओढला, डबा आत ठेवला आणि दार लोटलं. 'कट्' असा आवाज झाला. गवयाचा सूर नेमका लागावा तसा तो आवाज काकांना वाटला, आणि जिन्याच्या कठड्याला टेकून ते क्षणभर तो ऐकतच राहिले.

डब्यात काकूंच्या डोळ्यात द्यायचं इंजेक्शन होतं. ते जवळपास कुठे मिळत नव्हतं, मुद्दाम मागवलं होतं. ते देणारे मोठे डॉक्टर त्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच येत, आणि तो दिवस आजचा होता. काकू बहिणीला घेऊन सकाळीच पुढे गेल्या होत्या, कारण डोळ्यात थेंब घालून बराच वेळ पडून राहायचं होतं. डबा आला की काकांनी तो घेऊन निघायचं, एवढंच ठरलं होतं. काकूंचा उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डावाही त्याच वाटेला लागला होता. आजचं इंजेक्शन चुकलं तर त्याचं काय होईल, हे डॉक्टरांनी शब्दांत न सांगता नुसतं टेबलाकडे बघून सांगितलं होतं.

कुरिअरवाला गेला. काकांनी खणावरच्या चिमुकल्या बटणांवर आपला चार आकडी नंबर दाबला आणि दार ओढलं.

दार उघडलं नाही.

आता हे कपाट आलं कुठून ते सांगायला हवं, पण घाईघाईतच सांगतो, कारण आत बर्फ वितळतोय.

इमारतीत पार्सलं हरवायची. म्हणून सेक्रेटरींनी एका बंद पडलेल्या बँकेतलं पोलादी कपाट आणवलं आणि प्रत्येक घराला त्यातला एक खण दिला. सेक्रेटरी नोंदणी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. खणांना विजेची कुलपं आणि तीन उभ्या रांगांत मांडलेली नंबरांची बटणं बसली. बसवणारा माणूस 'प्रोग्राम लिहायला उद्या येतो' म्हणून गेला आणि त्याचा तो उद्या काही उजाडला नाही. तेव्हा भर सभेत प्रूफकाका उभे राहिले. काका सभेत कधी उभे राहत नसत. शब्दकोशाच्या छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म गेलेला. दुसऱ्याच्या चुकांसमोर धीट, माणसांसमोर भित्रे. "मी, म्हणजे जमेलच असं नाही, पण एक पुस्तक वाचतोय त्यावर," एवढं बोलून ते खाली बसले, आणि टाळ्या पडल्यामुळे त्यांना माघार घेता आली नाही.

त्या पुस्तकातली मुख्य कल्पना त्यांना फार भावली होती. क्लास म्हणजे साचा, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेला एकेक नग. खणाचा साचा एकदा लिहायचा, त्यातून हवे तेवढे खण काढायचे. आता प्रत्येक खणाला काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. आपला नंबर कोणता, चुकीचा नंबर किती वेळा दाबला गेला. अशी गोष्ट जिथे ठेवतात त्या जागेला म्हणायचं व्हेरिएबल. इथवर काकांचं सगळं बरोबर होतं. पण पुस्तकात प्रत्येक नग घडवताना 'या खणाचा नंबर, या खणाच्या चुका' असं पुन्हापुन्हा येत होतं, आणि ते वाचून काकांच्या हाताला खाज सुटली. आयुष्यभर त्यांनी पुनरुक्ती कापली होती. त्यांनी दोन्ही ओळी उचलल्या आणि साच्याच्या माथ्यावर एकदाच लिहून टाकल्या. प्रोग्राम चालला. वर सुटसुटीतही दिसू लागला.

असं केलं तर काय होतं, यावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण होतं. काकांनी ते वाचलंही होतं. पण त्यात छपाईच्या इतक्या चुका निघाल्या की मजकुराकडे लक्ष द्यायला त्यांना सवड झाली नाही.

काल उद्घाटन झालं. सगळी इमारत रांगेत उभी राहिली. खण उघडा असताना चांदणीचं बटण दाबून आपला नंबर टाकायचा, दार लावायचं, मग तोच नंबर दाबून उघडून बघायचं. ज्याचं त्याचं दार लगेच उघडत होतं. रांगेच्या शेवटी मानाने सेक्रेटरी आले, त्यांचंही उघडलं. मग काकांनी छोटंसं भाषण केलं. "नंबर कुणालाही सांगू नका. फोनवर तर मुळीच नको. मी स्वतः फोन करून विचारला तरी सांगू नका!" यावर हशा आणि टाळ्या. काकूही टाळ्या वाजवत होत्या, जरा भलतीकडे बघत.

तर दार उघडलं नाही. काकांनी पुन्हा नंबर दाबला, या वेळी एकेक आकडा पुटपुटत. नाही.

तेवढ्यात वरून विमावाले शीळ घालत उतरले. हे गृहस्थ विमा विकत, आणि जगात जे जे बिघडू शकतं त्याची त्यांना तोंडपाठ माहिती असे. त्यांनी आपल्या खणाचा नंबर दाबला आणि दार ओढलं. शीळ थांबली.

"काका, हे काय? सकाळच्या पहिल्या फेरीत माझं पार्सल आलंय. उघडत नाही!"

"तुम्ही आकडा चुकला असाल."

"माझ्या पहिल्या स्कूटरचा नंबर आहे. बायकोची जन्मतारीख चुकेन, हा नाही चुकणार."

शिकवणीच्या बाईही खाली आल्या. दुसऱ्या मजल्यावर त्या मुलांना गणित शिकवत. त्यांच्या प्रश्नपत्रिका खणात अडकल्या होत्या. त्यांचाही नंबर चालेना. "काल माझ्या मागे विमावाले उभे होते," त्या थंडपणे म्हणाल्या, "खांद्यावरून डोकावत होते."

"मी? मी तुमच्या अंबाड्याशिवाय काहीएक बघितलं नाही, बाई!"

"तेही कशाला बघायचं?"

"कृपा करा," काका म्हणाले, "माझ्या खणात इंजेक्शन आहे. बर्फात आहे."

सगळे खणाकडे वळले. तेवढ्यात 'टप्' असा आवाज आला. काकांच्या खणाच्या खालच्या फटीतून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला होता.

मग सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, कुलपाच्या वर एक बुक्की मारा. कुणी म्हणालं, बुक्की नको, फुंकर मारा. विमावाल्यांनी मेन स्विच बंद करून चालू केला. त्याने एवढंच झालं की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि आतून कुणीतरी संतापून ओरडू लागलं. कुलपं जशीच्या तशी राहिली, कारण वीज गेली तरी ती उघडू नयेत आणि नंबर विसरू नयेत अशी काकांनी खास काळजी घेतली होती.

"मग ते यंत्रच उघडून नंबर बदला," बाई म्हणाल्या. "यंत्र कुठे आहे?"

काका काहीतरी पुटपुटले.

"कुठे म्हणालात?"

"सगळ्यात खालच्या खणात." काकांची मान छातीत गेली. "सुरक्षित राहावं म्हणून. तोही बंद आहे."

"म्हणजे किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावलीत," विमावाले म्हणाले. "काका, याचा विमा कुठलीच कंपनी उतरवणार नाही."

"फोडा," काका म्हणाले. आवाज त्यांना स्वतःला अनोळखी वाटला. "कपाट फोडा."

नेमके तेव्हा सेक्रेटरी अवतरले. "फोडा? सोसायटीची मालमत्ता? ठरावाशिवाय?"

"साहेब, हिचा डोळा आहे हो!"

"मी माणूस आहे, दगड नाही," सेक्रेटरी म्हणाले. "तातडीची सभा बोलावतो. सूचक कोण, अनुमोदक कोण? आणि फोडणार कशाने? हे बँकेचं कपाट आहे. चोरांना जे जमलं नाही ते आपल्याला जमणार?"

कुलूपवाल्याला फोन लावला. तो दुपारनंतर येतो म्हणाला. टप्. टप्.

विमावाल्यांचा धीर सुटला. आपल्या खणाशी जाऊन त्यांनी स्कूटरचा नंबर रागारागाने पुन्हापुन्हा दाबला. पाचदा चुकलं की खणाने लाल दिवा लावून थोडा वेळ कुणाचं ऐकायचं नाही, अशी काकांची योजना होती. लाल दिवा लागला.

पण तो काकांच्या खणावर लागला.

"माझ्या खणाला हात का लावलात?" काका जवळजवळ किंचाळले.

"मी माझ्याच खणाशी भांडतोय! हा बघा, माझाही लाल झालाय."

बाईंचाही लाल. सेक्रेटरींचाही. वरपासून खालपर्यंत सगळ्या कपाटाचे डोळे लाल झाले होते. चुका विमावाल्यांनी केल्या आणि रुसलं अख्खं कपाट.

काका मटकन पायरीवर बसले. पुस्तकातलं ते प्रकरण त्यांना आता आठवलं, आणि पहिल्यांदाच मजकुरासकट आठवलं. साच्याच्या माथ्यावर लिहिलेलं व्हेरिएबल नगाचं नसतं, ते साच्याचं असतं. ते एकच असतं, आणि सगळे नग त्याच्याकडेच बघतात. चुकांची मोजणी एक, तसाच नंबरही एक. काल प्रत्येकाने आपला नंबर टाकला तेव्हा आधीच्याचा पुसला गेला होता, आणि प्रत्येकाने लगेच उघडून पाहिल्यामुळे प्रत्येकाचं बरोबर निघालं होतं. तपासणी चोख झाली होती. जन्मभर तपासणी केलेल्या माणसाने स्वतः उभं राहून करून घेतली होती.

हे गिळून टाकता आलं असतं. कुलपाच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडता आली असती, आणि सगळ्यांनी विश्वासही ठेवला असता. काका फटीखालच्या ओल्या फरशीकडे बघत उभे राहिले.

"तुमच्या कुणाचा नंबर चुकलेला नाही," ते म्हणाले. "चुकलो मी. तुमचे नंबर तुमचे राहिलेलेच नाहीत. सगळ्या खणांचा मिळून एकच नंबर आहे. ज्याने शेवटी टाकला, त्याचा."

कुणाला काही उमगलं नाही. मग बाई हळूच म्हणाल्या, "प्रत्येक मुलाला वही द्यायची, तर यांनी भिंतीवर एकच फळा लावला. जो तो आधीचं पुसून लिहितोय. शेवटच्याचंच उरलं."

"अगदी तसंच," काका म्हणाले. पुस्तकाने कित्येक पानं खर्चून सांगितलेली गोष्ट बाईंनी कपाटाला टेकल्याटेकल्या सांगितली, हेही त्यांना जरा लागलंच.

"म्हणजे एकाच नंबराने सगळ्यांचे खण उघडतात?" सेक्रेटरींचा चेहरा बदलला. "हे इतिवृत्तात येईल, काका. शब्दशः येईल."

"येऊ द्या. पण रांगेत शेवटचे तुम्हीच होता, साहेब. तुमचा नंबर दाबा."

सेक्रेटरींनी आधी घसा साफ केला, मग सगळ्यांना पाठ करून उभं राहायला लावलं. लाल दिवे विझायची वाट बघण्यात थेंबांची संततधार झाली होती. दिवे विझले. सेक्रेटरींनी काकांच्या खणावर चार बटणं दाबली, मग तीच पुन्हा दोनदा.

काहीच झालं नाही.

"मी शेवटचाच होतो," ते हिरमुसून म्हणाले. "मानाने."

म्हणजे त्यानंतर कुणीतरी नंबर बदलला होता. विमावाल्यांना काकांनी देवाची शपथ घातली, बाईंना विनवलं, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही ओरडून विचारून घेतलं. कुणीच बदलला नव्हता. हे चाललं असताना काकांचा फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती.

"औषध कुठे आहे? डॉक्टर निघायच्या बेतात आहेत. अजून दोन पेशंट आहेत, ते झाले की संपलं."

"निघालोच," काका म्हणाले. खोटं बोलण्याची सवय नसल्याने त्यांच्या कपाळावर घाम आला.

बाई कपाटाकडे बघत विचार करत होत्या. "नंबर बदलायला खण उघडा असावा लागतो. उघडा म्हणजे रिकामा. सकाळी कुरिअरवाला आला तेव्हा तुमचा खण उघडाच होता ना? मग तुमच्या घरातून सकाळी खाली कोण उतरलं?"

"हीच!" काका म्हणाले. त्यांनी दवाखान्याला उलट फोन लावला.

"आमच्या हिला विचारा, तिने खणाचा नंबर बदलला का. बदलला असेल तर काय ठेवला. लवकर!"

नर्स गेली आणि परत आली. "विचारलं. हो म्हणतात. पण नंबर फोनवर सांगायचा नाही अशी घरून सक्त ताकीद आहे म्हणतात."

"अहो, ती ताकीद मीच दिलीय!"

"तेच म्हणाल्या त्या. मिस्टरांनी स्वतः फोन केला तरी सांगायचा नाही, असं मिस्टरांनीच बजावलंय."

"तिला फोन द्या."

"डोळ्यात थेंब आहेत, हलायचं नाही. आत फोन नेत नाही आम्ही."

"मग तिला सांगा, म्हणावं..." काकांनी मागे वळून पाहिलं. सगळी इमारत कान टवकारून उभी होती. "म्हणावं, माझं चुकलं. ताकीद मागे घेतली."

या वेळी नर्सला यायला उशीर झाला. काका फोन कानाशी इतका दाबून धरून होते की कान लाल झाला.

"काका, त्या म्हणतात, आता सांगायचा म्हटलं तरी आकडे सांगता येणार नाहीत. ती बटणं इतकी बारीक आहेत की त्यांना दिसतच नाहीत. तुम्ही ठेवलेला नंबर दाबता येईना, म्हणून बोटाला जमेल असा ठेवला. बोटाला माहीत आहे म्हणतात. आणि दोनातला एक पेशंट आत गेलाय."

फोन बंद झाला.

ती बटणं काकांनीच निवडली होती. मोठी बटणं बेढब दिसतात म्हणून. बसवताना काकू शेजारी उभ्या राहून "छान आहेत हो" म्हणाल्या होत्या. त्या तेव्हा नेमकं काय बघत होत्या, हे विचारण्याचं काकांना सुचलं नव्हतं. घरातल्या एकुलत्या एका प्रूफवाचकाने एवढी ढळढळीत चूक नजरेआड केली होती.

"हात लावू नका कुणी," ते म्हणाले. "सेक्रेटरींच्या तीन चुका मोजल्या गेल्यात. माझ्यापाशी दोनच संधी आहेत. पुन्हा लाल दिवा लागला तर संपलं."

ते खणासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले.

आधी बोट डाव्या कडेला गेलं. तिथे दाराची चौकट इतकी जवळ होती की बोट बटणावर ठरेना. उजवीकडे कडी आड येत होती. काकांनी डावीकडूनच वरून खाली चार वेळा दाबून पाहिलं. बोट घसरलं. दार हललं नाही.

"एकच राहिली," मागून विमावाले कुजबुजले.

"गप्प बसा हो," बाई म्हणाल्या.

काकांनी हात काढून घेतला. ते स्वतःच्या बोटाने शोधत होते. काकूंचं बोट असं कडेकडेने जायचं नाही. अंधारात दिव्याचं बटण शोधतानाही त्या भिंत चाचपत बसत नाहीत, सरळ मधोमध हात टाकतात. काकांनी तर्जनी पुढे केली, बटणांच्या पट्टीच्या वरच्या कडेवर मधोमध टेकवली आणि सोडून दिली. बोट आपणहून खालच्या बटणावर उतरलं. त्यांनी ते दाबलं. मग सरळ खाली. पुन्हा सरळ खाली. आणखी एकदा खाली, आणि बटणं संपली.

कट्.

डबा ओला झाला होता, पण आत बर्फाचा एक तुकडा अजून तग धरून होता. काकांनी डबा छातीशी धरला. "चला!" म्हणत विमावाल्यांनी स्कूटरला लाथ मारली. जन्मात कधी स्कूटरवर मागे न बसलेले प्रूफकाका अशा वेगाने गेले की रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या त्यांना वाचता आल्या नाहीत. त्यातल्या चुका त्या दिवशी तशाच राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टर निघण्यासाठी कोटाच्या बाहीत एक हात घालून उभे होते. नर्सने डबा उघडला, बाटली तळहातावर धरून पाहिली. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "गार आहे," ती म्हणाली. डॉक्टरांनी हात पुन्हा बाहीतून काढला.

काकू येईपर्यंत काका बाहेरच्या बाकावर रिकामा डबा मांडीवर धरून बसून राहिले. काकू डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून, बहिणीचा हात धरून बाहेर आल्या आणि काकांच्या शेजारी बसल्या.

"उघडलं?"

"उघडलं."

"त्या नंबराने विमावाल्यांचंही उघडतं," काकू म्हणाल्या. "सकाळी नंबर टाकून म्हटलं लावून उघडून बघू, तर चुकून शेजारचा खण उघडला. त्यांचं पार्सल होतं आत. गुपचूप लावून टाकला, मग आपला उघडून तसाच ठेवला."

काका बघतच राहिले. "तुला सकाळीच कळलं होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"काल किती खुशीत होता तुम्ही. म्हटलं, डोळा झाला की सांगू. आणि बटणं दिसत नाहीत म्हटलं असतं, तर तुम्ही त्या जाड पुस्तकातलं बटणांचं प्रकरण काढून वाचून दाखवलं असतं."

सुदैवाने फोन वाजला. सेक्रेटरी होते.

"काका, नंबर न सांगताच निघून गेलात! इथे सगळे खोळंबलेत. काय नंबर आहे?"

"मला माहीत नाही," काका खरं तेच म्हणाले. आकडे त्यांनी पाहिलेच नव्हते. "डोळे मिटून दाबा."

"मिटले," सेक्रेटरी म्हणाले. "बाईंनी मिटलेत, लिफ्टमधला सुटलाय, त्यानेही मिटलेत. अख्खी इमारत डोळे मिटून उभी आहे. पुढे काय?"

काकांनी फोन काकूंच्या हातात दिला. "तू सांग. मला नीट सांगता यायचं नाही."

काकूंनी फोन कानाला लावला. मोकळ्या हाताचं बोट त्यांनी हवेत उचललं, मधोमध ठेवलं आणि सावकाश खाली आणू लागल्या. "हं, भाऊजी, बोट वर ठेवलंत? मधे हो, मधे. कडेला जाऊ नका," त्या सांगत होत्या, आणि प्रूफकाका शेजारी बसून, मधे एक शब्दही न दुरुस्त करता, ते बोट कुठून कुठे जातंय ते बघत होते.